तुला कशाला उगीच काळजी

रविवार, रात्र.

गुरुवारपासून एक वाक्य मनातून जात नाही, म्हणून आज ते लिहून काढायला बसले आहे. आईच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सोमवारी झाली, व्यवस्थित पार पडली, त्याच संध्याकाळी आई घरी आली, आणि हे सगळे मला चौथ्या दिवशी समजले. तेही कुणी आपणहून सांगितले नाही. नेहमीप्रमाणे मी दुपारी फोन केला, तो दादाने उचलला आणि सहज म्हणाला, "आई थेंब घालून पडली आहे, दहा मिनिटांनी करतेस का?" कसले थेंब, असे मी विचारले. दादा काही बोललाच नाही. मग फोन ताईच्या हातात गेला आणि ताई म्हणाली, "अगं, अर्ध्या तासाचं तर काम होतं. तुला कशाला उगीच काळजी, म्हणून सांगितलं नाही."

तिच्या आवाजात माया होती, आणि लागले ते नेमके तेच. रागाने काही लपवले असते तर मला भांडता आले असते.

मी आता त्रेचाळीस वर्षांची आहे. माझ्या हाताखाली अकरा माणसे काम करतात, त्यांच्या अडचणी मी रोज ऐकते, आणि माझ्या स्वतःच्या घरातली दोन मोठी आजारपणे मी रात्र रात्र जागून पार पाडली आहेत. असे असताना आईच्या डोळ्याची बातमी मला झेपणार नाही, असे या दोघांना नेमके कशावरून वाटले असेल? गुरुवारी रात्री मी हाच प्रश्न स्वतःला इतक्या वेळा विचारला की शेवटी मला माझीच शंका येऊ लागली. कदाचित मी खरोखरच घाबरट असेन, आणि ते माझ्याखेरीज सर्वांना ठाऊक असेल.

शनिवारी सकाळी निघून दुपारपर्यंत तिथे पोहोचले. आईच्या उशाशी औषधांच्या दोन बाटल्या होत्या आणि त्यांच्याखाली ताईच्या अक्षरातला एक कागद होता. ताईचे अक्षर अजून तसेच आहे, प्रत्येक शिरोरेषा पट्टी लावल्यासारखी. कागदावर चार रकाने आखलेले होते : वार, वेळ, बाटली आणि कोण. बाटलीच्या रकान्यात "पांढरे झाकण" आणि "गुलाबी झाकण" असे लिहिले होते, दोन्हींच्या मध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवावे अशी सूचना खाली दोनदा अधोरेखित केली होती, आणि "कोण" या रकान्यात ताई, दादा, ताई, ताई, दादा असे पुढे चार आठवडे चालले होते. मंगळवार दुपारच्या खान्यात शेजारच्या काकूंचे नाव होते.

काकूंना ठाऊक होते. तो कागद हातात घेऊन मी किती वेळ उभी होते, ते मला सांगता येणार नाही.

मी विचारले, "मी काय करू?" ताई म्हणाली, "तू बस. प्रवासातून आली आहेस." मी बसले, आणि बसल्यावर माझ्या लक्षात आले की या घरात पाऊल टाकल्याबरोबर मी नेहमी हेच विचारते आणि मला नेहमी हेच उत्तर मिळते. बाहेर कुठेही मी कामाला हात घालण्यासाठी कुणाची परवानगी मागत नाही. इथे मात्र पाण्याचा तांब्या उचलण्याआधीही माझी नजर ताईकडे जाते. मला शेंडेफळ म्हणत, आणि लहानपणी तो शब्द मला फार आवडत असे. सर्वांत शेवटी आलेले, सर्वांत वर असलेले, उन्हापावसातून सर्वांनी मिळून जपलेले फळ. त्याला कुणी काही विचारत नाही, हे तेव्हा सुचले नव्हते.

आज परत आल्यावर पुष्कळ वाचत बसले. जन्मक्रमाने माणसाचा स्वभाव ठरतो का, हा प्रश्न आपल्या घरापुरता नाही, हे एवढ्यानेही बरे वाटले. आल्फ्रेड अ‍ॅडलर या मानसोपचारतज्ज्ञाने गेल्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ही कल्पना रुजवली. त्याच्या मते पहिले मूल म्हणजे दुसरे येताच सिंहासनावरून खाली उतरवलेला राजा, आणि शेवटच्या मुलावर ती वेळ कधीच येत नाही. ते लाडावते, नाहीतर सगळ्यांना मागे टाकायच्या ईर्षेने पेटते. हे वाचताना प्रत्येक ओळ मला आमचीच वाटली. परंतु ज्या वर्णनात कुणालाही आपले घर दिसते ते वर्णन पारखूनच घ्यावे, असेही त्याच वेळी वाटले.

आणि पारखणाऱ्यांनी ते पारखलेही आहे. २०१५ साली जर्मनीतल्या संशोधकांनी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी या तीन देशांतल्या वीस हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. मनमोकळेपणा, भावनिक स्थैर्य, मिळतेजुळते घेण्याची वृत्ती, कर्तव्यदक्षता, यांपैकी कशावरही जन्मक्रमाचा ठसा त्यांना आढळला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सुमारे पावणेचार लाख शाळकरी मुलांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात फरक सापडला, पण तो इतका नगण्य की दोन माणसे समोर उभी केली तर कुणालाही ओळखू येऊ नये. बुद्धिमापनात मात्र थोरल्या भावंडांना किंचित अधिक गुण पडतात, एखाददुसरा गुण, त्याहून फारसे नाही.

मग आपल्याला घरोघरी थोरले जबाबदार आणि धाकटे अल्लड का दिसतात? याचे एक उत्तर इतके सरळ आहे की ते मला आजवर कसे सुचले नाही, याचे आश्चर्य वाटते. आपण भावंडांची तुलना नेहमी एकाच दिवशी करतो, एकाच वयात कधीच करत नाही. मी सहा वर्षांची असताना ताई पंधरा वर्षांची होती. पंधरा वर्षांची मुलगी सहा वर्षांच्या मुलीपेक्षा समजूतदार असणारच. ते अंतर वयाचे होते, पण घराने ते स्वभाव म्हणून लिहून ठेवले आणि पुढे कुणी खोडले नाही. ज्यूडिथ रिच हॅरिस या अभ्यासिकेचे म्हणणेही याच्या जवळ जाते : भावंडांमध्ये वागायची जी रीत पडते ती घरात आणि घरच्या माणसांपाशीच उरते, माणूस ती बाहेरच्या जगात बरोबर नेत नाही. तांब्यापाशी ताईकडे जाणारी माझी नजर मला आठवली. म्हणजे घाबरट माझा स्वभाव नाही. ती त्या घरातली माझी जागा आहे.

एवढे समजल्यावर मन शांत व्हायला हवे होते. उलट मला आणखी वाईट वाटले, कारण स्वभाव असता तर तो माझा तरी असता. जागा दुसऱ्यांनी दिलेली असते. मी कितीही मोठी झाले तरी ताई माझ्यापुढे नऊ वर्षे राहणारच, आणि कागदावरच्या "कोण" या रकान्यात माझे नाव सुचण्याआधी तिला काकूंचे नाव सुचणारच, असे म्हणत मी बराच वेळ स्वतःची कीव करत बसले. ते मी इथे प्रामाणिकपणे नोंदवते.

त्यानंतर नॉर्वेतल्या एका अभ्यासाविषयी वाचले, आणि तिथे मी थांबले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सैन्यभरतीच्या वेळी घेतलेल्या सुमारे दोन लाख चाळीस हजार तरुणांच्या बुद्धिमापन चाचण्या तपासल्या होत्या. त्यातही थोरले किंचित पुढे होतेच. पण ज्या घरात पहिले मूल लहानपणीच दगावले होते, तिथले दुसरे मूल थोरल्यांच्याच बरोबरीने होते. म्हणजे थोरलेपण कुशीतल्या क्रमातून येत नाही, ते घरात कुणावर तरी सोपवले जाते. जागा रिकामी झाली की पुढचे मूल तिथे उभे राहते, उभे राहायचे की नाही हे त्याला कुणी विचारत नाही.

ताईला तरी कुणी विचारले होते?

बाबा गेले तेव्हा ताई वीस वर्षांची होती आणि मी अकरा. शेवटचे नऊ दिवस मला मावशीकडे ठेवले होते, "बाबांना बरं वाटतंय" असे मला रोज सांगितले जात होते, आणि मी मावसबहिणींबरोबर खेळत होते. त्याबद्दल आज अधिक लिहिणार नाही. त्या नऊ दिवसांत डॉक्टर जे काही बोलत ते ताईशी बोलत, कारण आई ऐकण्याच्या स्थितीत नव्हती. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर ताईची सही होती. तो कागद मी फार वर्षांनी पाहिला. सहीतल्या शिरोरेषा तेव्हाही पट्टी लावल्यासारख्याच होत्या. मला सांगितले नाही याचे दुःख मी बत्तीस वर्षे सांभाळले आहे, पण ताईला सगळे सांगितले गेले, याचा मी असा सलग विचार कधीच केला नव्हता. "तुला कशाला उगीच काळजी" हे वाक्य तिला आयुष्यात कुणी म्हटले असेल असे मला वाटत नाही. (आणि दादा? तो तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याला किती सांगितले आणि किती लपवले, हे मी त्याला आजवर विचारलेले नाही.)

थोरल्यांना किंचित अधिक गुण का पडतात, याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की ती धाकट्यांना शिकवतात, आणि शिकवणारा शिकणाऱ्यापेक्षा अधिक शिकतो. नामवंत शास्त्रज्ञांमध्ये थोरल्या मुलांचे प्रमाण अधिक असते, हे १८७४ साली पहिल्यांदा मांडणारे फ्रान्सिस गाल्टन स्वतः घरातले शेंडेफळ होते, आणि त्यांना अगदी लहानपणी लिहायला-वाचायला शिकवले ते त्यांच्या थोरल्या बहिणीने, अ‍ॅडेलने. गाल्टन यांची गणती पुरुषांची होती, त्यामुळे अ‍ॅडेलसारख्या ताया तिच्यात कुठेच येत नाहीत. हे वाचले तेव्हा मला भागाकार आठवला. मला तो येईना, तेव्हा ताई स्वतःची वही बाजूला ठेवून चिंचोके मांडून बसे, "पुन्हा वाटून बघ" एवढेच म्हणे, आणि माझा हिशेब जुळेपर्यंत उठत नसे. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा असली तरीही.

मी अजूनही दुखावलेली आहे, हे खोटे कशाला बोलू. काल दुपारी मी ताईला स्पष्ट म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मला आधी सांग. मी काळजी करेन, पण मला करू दे." ती "बरं" म्हणाली, लहान मुलाचा हट्ट ऐकून म्हणतात तसे. तिने ते मनावर घेतले की नाही, मला कळले नाही. कदाचित ती पुन्हा सांगणार नाही, आणि कदाचित मला ते पुन्हा लागेल. जी रीत मी अकरा वर्षांची असल्यापासून चालत आली आहे ती एका वाक्याने मोडावी, अशी अपेक्षा धरणे ताईवर अन्याय करणारे आहे, इतपत तरी आता समजते.

काल रात्री नऊला थेंबांची वेळ झाली. कागदावर ताईचे नाव होते आणि ती उठतही होती. मी म्हणाले, "मी घालते." हात साबणाने धुतले, आईला उताणे झोपवले, खालची पापणी बोटाने हलकेच ओढली आणि त्या इवल्याशा खळग्यात, बाटलीचे टोक कुठेही टेकू न देता, एक थेंब सोडला. आईने डोळा मिटला. नाकाजवळचा कोपरा मी दाबून धरला. ताई दारात उभी होती. तिच्या तोंडाशी एखादी सूचना आली असावी, कारण ती अर्धे पाऊल पुढे आली आणि तिथेच थांबली.

पाच मिनिटे मोजून मी गुलाबी झाकणाची बाटली घेण्यासाठी वळले, तेव्हा दारात कुणी नव्हते. आतल्या खोलीतला दिवा मालवलेला होता.