आमची वाटचाल : बारावा नग

वडील मच्छीमारांच्या होड्यांचं लाकूडकाम करायचे. त्यांनी घडवलेलं सुकाणू उचलायला दोन माणसं लागत. मी दहा-बारा फुटी शिडाच्या होड्यांची कामं घ्यायला लागलो, तेव्हा रेवदंड्याच्या आमच्या शेडमध्ये येऊन त्यांनी विचारलं, "सुकाणू करतोयस की पोळपाट?" पुढे त्याच पोळपाटांवर शेडचं छप्पर झालं. ते २०२० च्या निसर्ग वादळात उडालं, पुन्हा बसवलं.

हत्यारं त्यांचीच. सागवानी रंधा, पातं घासून घासून निम्मं उरलेलं. सुकाणूच्या पानाला, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या फळीला, आकार द्यायला अजून तोच लागतो. पान २५० मिलिमीटर रुंद असेल तर जाडी ३०, आणि ती सगळ्यात जास्त पुढच्या कडेपासून ७५ वर. तिथून मागे निमुळतं. अर्धा फर्मा पत्र्याचा कापून ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना तोच लावायचा, नाहीतर होडी एका अंगाला ओढते. मागची कड मात्र सुरीसारखी करू नका, पहिल्याच दगडाला तुटते. दोनेक मिलिमीटर ठेवून तिरकी छाटा. गोल ठेवली तर वेगात सुकाणू घूं घूं करतं आणि गिऱ्हाईक फोन करतं.

आमचं पहिलं गिऱ्हाईक अलिबागचे एक डॉक्टर. आजही सुकाणूसाठी दुसरीकडे जात नाहीत. पहिल्या वर्षी तक्रार घेऊन आले, टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, जड लागतो, खांदा भरून येतो. मी पान दोनदा रंधलं. फरक शून्य. शेवटी त्यांच्याबरोबर खाडीत गेलो. कोर्लईच्या किल्ल्यासमोर वारा वाढला तेव्हा मागे वाकून बघितलं, तर पान खाली धरून ठेवणारी दोरी ताणली जाऊन ते चार बोटं मागे गेलेलं. पान मागे कललं की पाण्याचा सगळा जोर बिजागरीपासून लांब पडतो, मग टिलर जड होणारच. दोरी नायलॉनची होती, आणि मीच बांधलेली. न ताणणारी लावली, काम झालं. रंधण्याचे पैसे डॉक्टरांनी तरीही दिले.

मधली वर्षं कामाची गेली, ती असो. आम्हाला खाली बसवलं ते बारा नगांनी.

मुलांना शिडाची होडी शिकवणाऱ्या एका संस्थेची बारा सुकाणूंची ऑर्डर होती. साग त्यांना परवडत नव्हता, म्हणून १८ मिलिमीटरची मरीन प्लाय, पाण्यात टिकणारी. व्यापाऱ्याकडून शिक्का बघूनच घेतली, आयएस ७१०, मरीन प्लायचं भारतीय मानक. पहिल्या पावसाळ्यानंतर पानं फुगली, थर सुटले, एक तर मुलाच्या हातात टिलर ठेवून पाण्यात गेलं. मी उरलेला तुकडा घरच्या मोठ्या पातेल्यात उकळत ठेवला. खरी मरीन प्लाय ७२ तास उकळून सुटत नाही. ही पहिल्याच रात्री पुस्तकासारखी उघडली. पातेलंही गेलं, बायको अजून काढते. व्यापारी म्हणाला, तुमचं रंगकाम कच्चं. बारा नग मी माझ्या खर्चाने सागाचे करून दिले. दोन हप्ते थकले, बँकेचा माणूस दारात बसून चहा पिऊन गेला. प्लाय घेताना तुकडा मागा आणि उकळा. शिक्का कुणीही मारतो.

तेवढ्यात आमच्याकडेच शिकलेल्या एकाने पलीकडच्या गावात शेड टाकली. स्वस्त देतो. बिजागऱ्या ३०४ स्टीलच्या लावतो आणि ३१६ म्हणून विकतो, वर लोहचुंबक लावून दाखवतो की बघा, चिकटत नाही. अहो, ३०४ सुद्धा चिकटत नाही! फरक मॉलिब्डेनम या गंज रोखणाऱ्या धातूचा, जो ३१६ मध्ये असतो; ३०४ वर तो फरक दोन पावसाळ्यांनी तांबड्या डागांत दिसतो.

सुकाणू होडीला बसवायचं कसं, हेही त्याने माझ्याकडेच पाहिलेलं. होडीवरच्या दोन्ही कड्यांतून एकच सरळ सळई घालायची आणि मगच भोकं पाडायची. भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं, वाळलं की त्यातच नेमकं पुन्हा पाडायचं, म्हणजे स्क्रूच्या वाटेने लाकडात पाणी जात नाही. खालची पिन वरच्यापेक्षा बोटभर लांब, म्हणजे हलत्या होडीत आधी खालची बसते आणि वरची आपोआप सापडते. आणि वर अडकवायची क्लिप विसरायची नाही. होडी उलटली की लाकडी सुकाणू तरंगतं आणि निघून जातं.

संस्थेकडून जुने नग परत मागवले तेव्हा अकराच आले. बारावा कुठे गेला ते वर्षभराने कळलं. त्या पलीकडच्या शेडमध्ये दर्शनी भिंतीवर टांगलाय, गिऱ्हाइकांना 'हे बघा त्यांचं काम' म्हणून दाखवायला. परवा एका निमित्ताने आत गेलो तेव्हा जवळून पाहिला. पानाचे थर पार सुटून लोंबतायत. बिजागऱ्या मात्र माझ्या, आणि त्यांच्यावर एक डाग नाही.