शाळा सुटल्यावर मुले कुठे जाणार?

घटस्फोटानंतर मुलांना घेऊन दुसऱ्या शहरात जाण्याचा विचार मनात आला की नातेवाईक आणि हितचिंतक तीन गोष्टी विचारतात: पगार किती मिळणार, घराला भाडे किती पडणार आणि शाळा कोणती मिळणार. तिन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण ते सुटेसुटे विचारले जातात आणि त्यामुळे उत्तरेही सुटीसुटी मिळतात. मी माझ्या मुलीला आणि मुलाला घेऊन शहर बदलायचे ठरवले, तेव्हा हे तिन्ही प्रश्न एका चौथ्या प्रश्नाखाली आणले. शाळा सुटल्यापासून मी कामावरून घरी पोहोचेपर्यंत मुले कुठे आणि कोणाजवळ असतील? ज्या पर्यायात याचे समाधानकारक उत्तर मिळत नव्हते तो पर्याय, पगाराचा आकडा कितीही मोठा असला तरी, मी बाजूला ठेवला.

दोन पालक एका घरात असतात तेव्हा ही मधली वेळ कशीबशी भागते. एकाला उशीर झाला तर दुसरा लवकर निघतो, एखाद्या दिवशी आजी-आजोबा असतात, शेजारी ओळखीचे असतात. नव्या शहरात एकट्या पालकाजवळ यांतले काहीच नसते. त्यामुळे ती वेळ विकत घ्यावी लागते: पाळणाघराचे पैसे देऊन, शाळेजवळच्या महागड्या घराचे भाडे देऊन किंवा कमी पगाराची पण लवकर सुटणारी नोकरी पत्करून. या तिन्हींपैकी आपल्याला काय परवडते हे कळले की शाळा, घर आणि नोकरी यांच्या निवडी बऱ्याच अंशी आपोआप ठरत जातात.

या हिशेबाच्याही आधी एक पायरी आहे आणि ती ओलांडून पुढे जाता येत नाही. मुलांच्या ताब्याचा जो आदेश न्यायालयाने दिला आहे, तो वकिलाला शेजारी बसवून पुन्हा एकदा ओळीओळीने वाचला पाहिजे. मुलांना न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेण्यापूर्वी परवानगी घ्यावी किंवा दुसऱ्या पालकाला आगाऊ कळवावे, अशी अट अनेक आदेशांत असते. अशी अट नसली तरी भेटीचे दिवस ठरलेले असतील, तर अंतर वाढल्यावर ते पाळणे अशक्य होते, म्हणजे आदेशात बदल करून घेणे आलेच. दुसऱ्या पालकाची संमती असेल तर ती लेखी घ्यावी आणि शक्य तर न्यायालयात नोंदवावी; फोनवर दिलेला होकार पुढे वाद उभा राहिला तर उपयोगी पडत नाही. देश ओलांडून जायचे असेल तर काळजी आणखी वाढते. १९८० च्या हेग करारानुसार, ताब्याचा हक्क असलेल्या पालकाच्या संमतीवाचून १६ वर्षांखालील मुलाला त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशातून दुसऱ्या सदस्य देशात नेले, तर मुलाला परत पाठवण्याचा आदेश होऊ शकतो. भारत या कराराचा सदस्य नाही, पण ज्या देशांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात त्यांतले बरेच देश आहेत, आणि आपली नोकरी किंवा मुलांचा जन्म तिथला असेल तर ही बाब आधीच विचारून घ्यावी.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली अशाच एका प्रकरणात, मुलांना घेऊन दुसऱ्या राज्यात जाऊ इच्छिणाऱ्या आईच्या अर्जासंदर्भात, न्यायाधीशांनी कोणत्या गोष्टी पाहाव्यात हे सांगितले. मुलांच्या आयुष्यातील स्थैर्य, नव्या गावाचे अंतर, मुलांचे वय, दोन्ही पालकांशी असलेले त्यांचे नाते, पालकांना एकमेकांशी बोलून मार्ग काढता येतो की नाही, मुले समजत्या वयाची असतील तर त्यांची इच्छा आणि जाण्यामागचे कारण, या गोष्टी त्यांत होत्या. आपले प्रकरण त्या न्यायालयापुढे जाणार नसले तरी ही यादी स्वतःला विचारण्याजोगी आहे. जाण्यामागचे कारण या मुद्द्यावर मी सर्वांत जास्त वेळ थांबले. निव्वळ जुन्या शहरातल्या नजरा चुकवण्यासाठी जायचे असेल, तर नव्या शहराकडून आपण फार जास्त अपेक्षा ठेवतो असे माझे मत आहे. चांगली नोकरी, जवळ राहणारी बहीण, मुलाला हवे असलेले उपचार, अशी ठोस कारणे पहिल्या कठीण महिन्यांत आधार देतात. जिथे मारहाण झाली आहे किंवा जिवाची भीती आहे, तिथे मात्र वरचा आणि खालचा सारा विचार मागे ठेवून आधी सुरक्षितता पाहावी आणि नवा पत्ता कोणाला कळवायचा हे वकिलाच्या सल्ल्याने ठरवावे.

शाळांविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. शाळेचा निकाल, इमारत, प्रयोगशाळा यांची माहिती सहज मिळते. आपल्याला जी माहिती हवी असते ती शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर उभे राहिल्यावर मिळते. मी निवडलेल्या शाळांच्या बाहेर अशी उभी राहिले. एका नावाजलेल्या शाळेत घंटा झाल्यावर काही मिनिटांतच सगळी मुले गाड्यांतून निघून गेली आणि मागे राहिलेली दोन लहान मुले रखवालदाराच्या खुर्चीजवळ दप्तरांवर बसून राहिली. त्यांच्याकडे बघायला कोणी नव्हते. दुसऱ्या, तुलनेने साध्या शाळेत तळमजल्यावरची एक खोली संध्याकाळपर्यंत उघडी असे. तिथल्या बाई प्रत्येक मुलाला नावाने ओळखत होत्या. दाराजवळच्या टेबलावर एक वही होती, तिच्यात मुलाचे नाव, नेणाऱ्याचे नाव, वेळ आणि सही असे रकाने आखलेले होते. एक आजोबा नातवाला न्यायला आले, तेव्हा यादीत त्यांचे नाव नसल्यामुळे बाईंनी आधी मुलाच्या आईला फोन लावला आणि मगच मुलाचा हात त्यांच्या हातात दिला. ती वही पाहून माझा निर्णय जवळपास झाला. ज्या कुटुंबात ताब्याचा प्रश्न नुकताच मिटला आहे, तिथे मुलाला शाळेतून कोण नेऊ शकतो याची लेखी नोंद असणे ही फार मोठी गोष्ट आहे.

वर्गाचा अभ्यासक्रम कुठवर पोहोचला आहे, शिकवण्याची भाषा तीच आहे का, दोन्ही भावंडांना एकाच शाळेत प्रवेश मिळेल का, हे अर्थात पाहावेच लागते. माझ्या मते भावंडे एका शाळेत असणे हे एका चांगल्या आणि एका उत्तम शाळेतल्या फरकापेक्षा मोलाचे आहे, कारण नव्या ठिकाणी पहिल्या दिवसापासून ओळखीचा एक तरी चेहरा मधल्या सुट्टीत दिसतो. शक्य असेल तर वर्ष संपल्यावरच शाळा बदलावी, आणि मोठ्या परीक्षेचे वर्ष असेल तर ते आटोपेपर्यंत थांबण्याचा गंभीरपणे विचार करावा. वर्गशिक्षिकेला घरची परिस्थिती थोडक्यात आणि स्वतःहून सांगावी. तपशील देण्याची गरज नसते, पण ‘बाबांना पत्र लिहा’ असा गृहपाठ देताना त्यांना ती ठाऊक असलेली बरी. न्यायालयाने वेगळे काही सांगितले नसेल तर दुसऱ्या पालकालाही प्रगतिपुस्तक मिळेल अशी व्यवस्था प्रवेश घेतानाच करावी, म्हणजे मुलांना निरोप्याचे काम करावे लागत नाही.

भाड्याबाबत, उत्पन्नाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाडे नसावे, असा एक ढोबळ नियम सांगितला जातो. एकट्या पालकाने तो हाती येणाऱ्या पगारावर लावावा आणि पोटगीची किंवा मुलांच्या खर्चाची रक्कम त्या उत्पन्नात धरू नये. ती रक्कम मुलांच्या हक्काची आहे आणि ती मिळायलाच हवी. परंतु एखाद्या महिन्यात ती उशिरा आली म्हणून घरभाडे थकू नये, एवढी काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. अनामत रक्कम, सामानाची वाहतूक, नवे गणवेश, पुस्तके आणि काही दिवस जुन्या व नव्या घराचे एकाच वेळी द्यावे लागणारे भाडे, हा खर्च एकदम अंगावर येतो, म्हणून तो दरमहाच्या हिशेबात न मिसळता वेगळा बाजूला काढावा. भाडेकरार वाचताना बहुतेकजण भाडेवाढ पाहतात. मी मुदत कधी संपते हेही पाहते. शाळेचे वर्ष अर्ध्यावर असताना करार संपला आणि घरमालकाने नूतनीकरण नाकारले, तर मुलांची शाळा पुन्हा धोक्यात येते. म्हणून पहिला करार अशा बेताने करावा की त्याची मुदत शालेय वर्षाच्या अखेरीस येईल, आणि मुदतीआधी घर सोडायचे झाल्यास किती दिवसांची सूचना द्यावी लागेल हे त्यात स्पष्ट लिहिलेले असेल.

नोकरीबद्दल थोडक्यात. नेमणुकीचे पत्र हाती आल्याशिवाय घर आणि शाळा पक्की करू नये. सध्याच्या ठिकाणीच बदली मिळत असेल तर आधी ती मागावी, कारण तिथली सेवा, शिल्लक रजा आणि वरिष्ठांचा विश्वास आपल्यासोबत येतो. नव्या नोकरीत परिवीक्षेच्या (प्रोबेशनच्या) काळात रजा किती मिळते आणि मूल तापाने फणफणले तर घरून काम करता येते का, हे पगाराच्या बोलणीच्या वेळीच विचारावे. माझ्यासमोर दोन नोकऱ्या होत्या. मोठ्या पगाराच्या नोकरीतून मी प्रवासाचा खर्च आणि उशिरापर्यंतच्या पाळणाघराचे शुल्क वजा केले, तेव्हा दोन्हींतला फरक इतका थोडा उरला की लहान पगाराच्या नोकरीतली संध्याकाळ मला स्वस्त वाटली.

यानंतर उरतो तो सर्वांत अवघड भाग, म्हणजे मागे राहणारा पालक. मुलांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या करारातील नवव्या कलमात, मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तर दोन्ही पालकांशी नियमित संपर्क ठेवणे हा मुलाचा हक्क मानला आहे, आणि बाराव्या कलमात मुलाचे म्हणणे त्याच्या वयानुसार विचारात घ्यावे असे म्हटले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॅनफर्ड ब्रेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घटस्फोटानंतर ज्यांचे पालक एकमेकांपासून गाडीने तासाभराहून अधिक अंतरावर गेले अशा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत मनातली कटुता आणि घटस्फोटाविषयीचा त्रास तुलनेने जास्त आढळला. अंतरामुळेच हे झाले असे त्यावरून सिद्ध होत नाही, कारण जिथे आधीच भांडण अधिक असते तिथे लोक दूर जाण्याची शक्यताही अधिक असते. तरीही हा अभ्यास वाचल्यावर मी प्रवासखर्चाला घरखर्चाच्या यादीत भाड्याच्या खालोखाल जागा दिली.

हा खर्च कोणी करायचा, मुलांना न्यायला-सोडायला कोणी यायचे, मोठ्या सुट्टीतले किती दिवस कोणाकडे, हे आदेशात लिहून घेतल्याने पुढची कितीतरी बोलणी वाचतात. माझ्या मुलीने मात्र वेगळाच प्रश्न विचारला होता: “बाबांना मला सांगायचं असेल काही, आणि तू ऑफिसात असशील, तर?” त्यामुळे व्हिडिओ कॉलची वेळ आम्ही माझ्या फोनवर अवलंबून ठेवली नाही. मुले शाळेतल्या त्या खोलीतून घरी आल्यावर, घरच्या टॅबवर, ठरलेल्या वारी वडील स्वतः फोन करतात आणि त्या वेळी मी दुसऱ्या खोलीत असते. शाळेचे सुट्ट्यांचे वेळापत्रक आले की त्याची प्रत त्याच दिवशी त्यांच्याकडे जाते आणि भेटीच्या तारखा दोन्ही घरांत एकदमच लिहिल्या जातात. भाडेकराराची मुदत संपण्याच्या तीन महिने आधी या सगळ्या व्यवस्थेचा मुलांसह फेरविचार करायचा, असे आम्ही दोघांनी लेखी ठरवले आहे.