ओहोटीचा रंग

आज पहाटे नेरूळला खाडीवर गेले होते. ओहोटी होती, फ्लेमिंगो चिखलात माना घालून चरत होते. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातल्या शेवाळातून येतो, असं सगळे जण म्हणतात. माझी नजर मात्र चिखलावरच खिळली. करडा म्हणावा तर आत जांभळी झाक, पाण्याच्या कडेला चंदेरी रेघ.

घरी येऊन आजीचं विटलेलं इरकली लुगडं काढलं. अगदी तोच रंग! वीतभर तुकड्यावर धावदोऱ्याने पाण्याच्या रेघा घातल्या, गुलाबी दोरा फक्त एका कोपऱ्यात.

आधी शेजारच्या काकूंना दाखवला. आयुष्यभर गोधड्या शिवल्यात त्यांनी. तुकडा उलटा करून मागचे टाके बोटाने चाचपले. "दोरा ओढू नकोस गं, कापड चुण्या धरतं." खरंच होतं. एक ओळ उसवून पुन्हा घातली, आता फोटो टाकतेय.