तुम्ही विचारलंत म्हणून: कौलं का ठेवली?

"घराच्या दुरुस्तीवर एवढा खर्च केलास तर सरळ स्लॅब का नाही टाकलीस?" हे मला लग्नात विचारतात, एसटीत विचारतात, परवा तर तेराव्याला जेवायला बसलो तिथेपण विचारलं. तर एकदाच सांगतो.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्र जवळ, जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती आणि त्यापण मातीत रचलेल्या. त्यावर स्लॅबचं ओझं टाकायचं म्हणजे आत वेगळे कॉलम उभे करा, म्हणजे नवीन घरच बांधा की. आणि गावात ज्यांनी स्लॅब टाकली त्यांनी गळते म्हणून वर पत्र्याची शेड मारलीच आहे, ते कोणी बोलत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दुपारी आम्ही सगळे माजघरात बसून होतो आणि वर कौलं खडखडत होती, एकेक. संध्याकाळी शिडी लावून बघितलं तर मधली बहुतेक जागेवर, गेली ती कडेची आणि आढ्यावरचे कोने, म्हणजे छपराच्या माथ्यावरची कौलं. शेजाऱ्यांचे पत्रे मात्र अख्खेच्या अख्खे उडाले, त्यातला एक आमच्या वाडीत माडाला गुंडाळून बसला होता, पोळीसारखा.

सुतारकाका म्हणाले, "वारा कौल ढकलत नाही रे, उचलतो." वरून जाताना छप्पर वर खेचतो, पडवीतून आत शिरला की खालून रेटतो, आणि कौल बिचारं नुसतं स्वतःच्या दोन-अडीच किलोच्या जिवावर बसलेलं. मग आम्ही काय केलं, तर कडेच्या तीन-तीन ओळी तारेने रीपांना, म्हणजे कौलं ज्यावर बसतात त्या लाकडी पट्ट्यांना, बांधल्या. मंगलोरी कौलाला मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं, ते त्यासाठीच, मला चाळिशीत कळलं! तार स्टीलची, साधी खाऱ्या हवेत टिकत नाही. कोने चुन्यात बसवले, आणि वासे खालच्या लाकडाला पट्टी-बोल्ट मारून जखडले. नाहीतर कौलं राहायची आणि छप्परच जायचं.

भिंतींचं वेगळंच. आधी एका कॉन्ट्रॅक्टरच्या नादाने बाहेरून सिमेंट प्लास्टर केलं होतं, तर जांभा पाणी पितो पण सिमेंट त्याला सुकू देत नाही, दोन पावसात ओल आतल्या बाजूने कमरेपर्यंत आणि पोपडे. ते सगळं खरवडून चुना केला, ओल हळूहळू उतरतेय.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ बाजूने गेलं, चार कौलं फुटली, तीपण फांदी पडून.

त्रास आहेच, खोटं कशाला बोलू. कौलं चाळायला आता डबल वेळ लागतो, प्रत्येक तार सोडा, परत बांधा, आणि छपरावर चढणारा माणूस गावात एकच उरलाय, तो पासष्टचा. आणि वानरांवर उपाय नाही. वादळात टिकलेली सहा कौलं गेल्या आठवड्यात त्यांनी फोडली, पेरूसाठी.