मॉन्टेन आणि त्याची मांजर

मॉन्टेन वाचायला घेतला तेव्हा वाटलेलं, तत्त्वज्ञ म्हणजे सगळं डोक्यावरून जाणार. पण हा तर गप्पाच मारत बसतो! जन्म १५३३, फ्रान्स. १५७१ मध्ये कामधंद्यातून रिटायर होऊन हा गडी आपल्या टॉवरमधल्या लायब्ररीत जाऊन बसला, छताच्या तुळयांवर ग्रीक-लॅटिन वचनं लिहून घेतली आणि स्वतःबद्दलच लिहीत सुटला, म्हणजे कच्ची मेमरी, मुतखडा, सगळंच.

मांजरीचं तर भारीच आहे, मी हिच्याशी खेळतोय की हीच माझ्यासोबत टाइमपास करतेय, कोणाला माहीत? बाहेर धर्मावरून लोक एकमेकांचे गळे कापत होते, दोन्हीकडच्यांना आपणच बरोबर अशी खात्री, आणि हा विचारतोय की मला नक्की काय माहितीये.

नुसत्या पाठांतराबद्दल म्हणतो, शेजाऱ्याकडे विस्तव आणायला गेलो, तिथेच शेकत बसलो आणि घरी न्यायचंच विसरलो. हे वाचून मी जरा गप्पच झाले, माझे फॉरवर्ड आठवले ना!

सद्गुण म्हणजे त्याच्या लेखी कुठला अवघड कडा नाहीच, हिरवंगार पठार आहे. हे मला अजून पूर्ण पटलेलं नाहीये. पण त्याचंही कुठे सगळं फायनल होतं, १५९२ मध्ये जाईपर्यंत स्वतःच्याच छापील पुस्तकाच्या मार्जिनमध्ये नवीन ओळी घुसडत होता.