तुम्ही विचारलंत म्हणून: भोक जागेवर आहे की नाही?

'मॅडम, भोक जागेवर आहे की नाही, एवढंच सांगा.' सेटरपासून (मशीन लावणाऱ्यापासून) मालकांपर्यंत सगळे सीएमएम रूमच्या, म्हणजे जॉबची (मशीनवर बनलेल्या भागाची) मापं घेणाऱ्या मशीनच्या खोलीच्या, दारात उभं राहून हेच विचारतात. मी म्हणते, 'कशापासून?' की समोरचा वैतागतो. त्याला वाटतं, मी टाळतेय.

भोक एक्स दिशेने 0.08 मिलिमीटर चुकलं, वाय दिशेने 0.08, दोन्ही 0.1 च्या आत, मग पोझिशन (जागेची चूक) 0.226 कशी? हे एकदाच सांगते. टॉलरन्स झोन, म्हणजे भोकाच्या केंद्राला चालणारी जागा, गोल आहे, 0.2 हा त्याचा व्यास. म्हणून सॉफ्टवेअर दोन्ही चुकांचा कर्ण काढून दुप्पट करतं. ±0.1 चा चौकोन तुमच्या डोक्यात आहे, ड्रॉइंगवर नाही. आणि गोल झोन जॉब फेकायला आलेला नाही. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांतून जाणारं वर्तुळ घेतलं तर 57 टक्के जास्त जागा मिळते. स्कॉटलंडच्या टॉर्पेडो कारखान्यात स्टॅन्ली पार्कर यांनी हा विचार मांडला, तो चांगले जॉब उगाच रिजेक्ट होत होते म्हणून.

खरा प्रश्न डेटमचा आहे, म्हणजे माप जिथून घ्यायचं त्या फेसचा किंवा भोकाचा.

अ‍ॅल्युमिनियमचं एक हाउसिंग (बेअरिंग बसवायचं घर) होतं. खालचा फेस डेटम ए, त्यातलं डॉवेलचं (जागा पक्की करणाऱ्या पिनचं) भोक डेटम बी, आणि फेसपासून 100 मिलिमीटर वर बेअरिंगचा बोअर (बेअरिंग बसतं ते भोक). मर्यादा 0.2. आमच्या रिपोर्टमध्ये पोझिशन 0.16, कस्टमरच्या रिपोर्टमध्ये 0.26. अख्खा लॉट परत आला. सॉफ्टवेअर दोन्हीकडे एकच, त्यामुळे सगळ्यांनी आमच्या मशीनवर बोट ठेवलं. मी जॉब घेऊन त्यांच्याकडे गेले आणि त्यांचा प्रोग्रॅम पाहायला मागितला. बराच वेळ कुणी उघडेना. उघडला तेव्हा दिसलं, आम्ही पूर्ण फेसवर पॉइंट घेत होतो, ते क्लॅम्पिंगच्या (जॉब आवळून धरण्याच्या) बाजूच्या 60 मिलिमीटरच्या पट्ट्यात घेत होते. तिथे फेस 0.03 ने उतरता होता. सपाटी 0.05 पर्यंत मान्य, म्हणजे फेस पास. पण 60 ला 0.03, तर 100 वर 0.05, आणि पोझिशनमध्ये दुप्पट होऊन 0.10. फरक सगळा तिथला होता. बोअर कुठेच हलला नव्हता.

मी हे कागदावर काढून दाखवलं. त्यांच्या साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, 'पण आमच्या रिपोर्टवर पास पाहिजे.' परत आल्यावर माझा विरोध असतानाही मशीनचा ऑफसेट (टूलची जागा ठरवणारा आकडा) हलवला गेला. पुढचा लॉट त्यांच्याकडे पास, माझ्याकडे फेल. ज्या ऑपरेटरने पहिला लॉट नीट केला होता, त्याच्या नावावर रिजेक्शन लागलं ते लागलंच. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

तुम्ही म्हणाल, मग तुमचंच बरोबर होतं. तेव्हा मीही छातीठोकपणे तेच म्हणत होते. आज इतकं सरळ म्हणवत नाही. नियमाप्रमाणे डेटम म्हणजे फेसला बाहेरून टेकणारं प्रतल, जॉब सरफेस प्लेटवर ठेवल्यासारखं. माझा प्रोग्रॅम लीस्ट स्क्वेअरने पॉइंटांच्या मधून जाणारं प्रतल काढत होता. त्यांच्यापेक्षा ते खऱ्याच्या जवळ होतं, हे मी आजही भांडून सांगेन. पण तेच खरं, असं नाही. शिवाय असेंब्लीत हाउसिंग त्याच पट्ट्यावर आवळलं जात असेल तर? ड्रॉइंगवर डेटम टार्गेट, म्हणजे फेसला नेमकं कुठे टेकायचं त्या खुणा, दिलेले नव्हते. आणि असेंब्लीत दोन्ही लॉट बसले.

यावर सेटर म्हणतात, 'बसले ना, मग कशाला एवढं?' 0.2 च्या पलीकडचा जॉब बसला म्हणून ड्रॉइंग बदलत नाही. बदलायचं असेल तर डिझाइनवाल्यांनी सही करून बदलावं. आम्ही बेस्ट फिटचं बटण दाबून बदलायचं नाही. त्या बटणाने आकडा हिरवा होतो, कारण भोकांचा संच डेटम सोडून सोयीच्या जागी सरकवला जातो.

डेटम टार्गेटसाठी पाठवलेल्या मेलला उत्तर आलेलं नाही. तोवर माझ्या प्रत्येक रिपोर्टवर ए चे पॉइंट कुठे घेतले त्याचं स्केच असतं. त्यांच्या रिपोर्टवर अजून नसतं.