आजचं पान आज

मागच्या जानेवारीत मी ठरवलं होतं, वर्षभरात अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून काढायचं. त्यातलं पहिलं पुस्तक उत्पत्ती झकास गेलं, निर्गमापर्यंत तग धरला, आणि तिसऱ्या, लेवीयाच्या यज्ञबलींत गाडी रुतली ती रुतलीच. (तुमचीही तिथेच रुतली असेल, लाजू नका.) नगरला आजी दिवेलागणीला सगळ्यांना बसवून स्तोत्र म्हणायला लावायची, तेव्हा चुकवायची सोय नव्हती. इथे जर्मनीत, ड्रेस्डेनच्या वृद्धाश्रमात मी काम करते, तिथे सकाळपाळी सहाला सुरू होते. साडेचारचा गजर, अंधारातली ट्राम. शांत समय कुठून आणायचा?

माझ्या मजल्यावर नव्वदीच्या एक आजीबाई आहेत. नाश्त्याआधी, गोळ्यांच्याही आधी त्यांना ‘लोझुंग’ लागतं. हातात मावेल एवढं निळं पुस्तक. रोजचं जुन्या करारातलं एक वचन, खाली नव्या करारातलं एक, आणि एखादं कडवं किंवा प्रार्थना. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून वाचायचं मी. उच्चार चुकला की जागच्या जागी दुरुस्ती. एकदा वचन दोनच ओळींचं निघालं, म्हणून मी पुढचं पान उलटलं, तर त्यांनी पुस्तकावर हातच ठेवला. “उद्याचं उद्या, श्वेस्टर.” (म्हणजे सिस्टर, नर्स.) सुट्टीवरून परतल्यावर राहिलेली तीन दिवसांची वचनं वाचू का, असं विचारलं. “ते दिवस गेले. आजचं वाचा.”

या पुस्तकाचं मूळ गाव हेर्नहुट इथून लांब नाही. ल्योबाऊला ट्रेन सोडायची, पुढे बस. मोराव्हियातून (आजच्या चेक देशातला भाग) धर्मछळामुळे पळून आलेल्या लोकांनी १७२२ मध्ये काउंट झिंझेनडॉर्फ यांच्या जमिनीवर ते वसवलं. ३ मे १७२८ च्या संध्याकाळी झिंझेनडॉर्फ यांनी मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिलं. पुढे रोजचं वचन घरोघरी पोचवायची रीत पडली. लोझुंग म्हणजे पहारेकऱ्यांचा परवलीचा शब्द. छापील पुस्तक १७३१ पासून निघतंय. जुन्या करारातली वचनं आजही तिथे चिठ्ठ्या काढून ठरतात, तीही सुमारे तीन वर्षं आधी. नव्या करारातलं वचन मात्र त्याला जुळेल असं निवडतात.

आता माझाही तोच नेम झालाय. ट्राममध्ये आधी जर्मन वचन, मग मोबाइलवर तेच मराठीत. जर्मनमध्ये ‘हिर्टे’ वाचलं की अर्थ कळतो. मराठीत ‘मेंढपाळ’ वाचलं की पारनेरच्या माळावर घोंगडी खांद्यावर टाकून उभा असलेला धनगरच दिसतो. तिकडे दौंडजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून अख्खं शास्त्र सोप्या मराठीत आणलं, त्यात वर्षानुवर्षं घातली. माझी चार मिनिटं जातात, दोन थांब्यांमधली.

तेव्हा सवडीचा तास मिळेल म्हणून थांबू नका, मी दोन वर्षं थांबले होते. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक वचन होतं. चार दिवस राहिले तर राहू द्या, मागची भरपाई करायला गेलात की लेवीय वाट बघतच असतं.

आणि हो, ‘उद्याचं उद्या’वाल्या आमच्या आजीबाईंनी पुढच्या वर्षीचं पुस्तक ऑगस्टातच मागवून ठेवलंय. वेष्टनही न काढता उशाशी आहे.